शाई नसलेले श्री

मी एक चित्रवही बोलते आहे, आणि रागाने बोलते आहे. वहीने रागावू नये असा नियम असेल, तर तो मला बांधणाऱ्याने सांगितलेला नाही. दोन म्हाताऱ्यांच्या भांडणात माझे पाचवे पान फाटले, आणि या खेपेला कोणीही मेलेले नव्हते. ही माझी तक्रार आहे. ती नीट समजावी म्हणून जन्मापासून सांगते.

माझा जन्म कराडजवळच्या एका गावात, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात झाला. तिथल्या मास्तरांनी वर्षभर उरलेले जाड चित्रकागद जमवले, एका मापाने कापले आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातले. पुठ्ठ्यावर त्यांनी देव्हाऱ्यातल्या पोथीचे जुने तांबडे बासन चढवले, कारण पोथीला त्या वर्षी नवे वस्त्र मिळाले होते. ज्या कापडाने चाळीस वर्षे भगवंताचे नाव उराशी धरले, तेच माझे अंग झाले. माझ्या बोलण्याला देवघराचा वास येत असेल, तर तो तिथला आहे.

मास्तरांची मुलगी भागीरथी. त्यांच्या बहिणीची मुलगी विठाबाई, जी त्यांच्याच घरी शिकायला राहिली होती. एक त्यांना आप्पा म्हणे, दुसरी मामा. मी दोघींचाही उल्लेख एकेरीत करणार आहे. वयाने त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत, पण मान वयाने मिळतो हे मला मान्य नाही.

विठाबाईचे लग्न ठरले तेव्हा मास्तरांनी मला दोघींच्या मध्ये ठेवले.

"एकच वही?" विठाबाई म्हणाली. "मामा, दोन का नाही केल्या?"

"दोन केल्या असत्या तर दोघींनी आपापल्या पेटीत घालून ठेवल्या असत्या. एक आहे म्हणून फिरेल."

मग त्यांनी नियम सांगितले. पानाच्या पुढच्या बाजूला घरची खबर लिहायची. मागच्या बाजूला दारातले एखादे झाड काढायचे, तेही समोर बसून, डोळ्यांनी पाहून; मनातले नाही. पानाच्या माथ्यावर श्री लिहायचे. लिहून झाले की वही दुसरीकडे पाठवायची. ती मागायची नाही.

शेवटचा नियम त्यांनी आवाज उतरवून सांगितला. मृत्यूची खबर असेल तर माथ्यावर श्री लिहायचे नाही. असे बिनश्रीचे पान वाचायचे, फाडायचे आणि घरात ठेवायचे नाही. हा नियम काही त्यांचा नव्हता. अशुभ पत्राची हीच रीत त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून चालत आली होती.

त्या दिवसापासून मी फिरले. कधी पाहुण्यांच्या पिशवीतून, कधी सांडग्यांच्या डब्याखालून. कोणाकडे पाळणा हलला, कोणाची म्हैस आटली, कोणाच्या दारातली जास्वंद या वर्षी रुसली, हे सारे माझ्या अंगावर उमटले. चार वेळा माझे पान फाटले. पहिले पान मास्तरांच्या जाण्याचे होते. ते भागीरथीने लिहिले. विठाबाईने वाचले, चार तुकडे केले आणि डोक्यावरून पाणी घेतले. मग दोघींच्या नवऱ्यांची दोन पाने, आणि चौथे विठाबाईच्या आईचे. फाटताना मला वेदना होतात. पण त्या चार वेळांना मी कुरकुर केली नाही. आधी वाचले गेले, मग फाडले गेले. त्या दुखण्याला अर्थ होता.

पुढे मोबाईल आले आणि मला अकरा वर्षे ट्रंकेत डांबर-गोळ्यांच्या शेजारी राहावे लागले. माणसांची ही एक सवय मी पाहून ठेवली आहे. बोलणे सोपे झाले की ती बोलायचेच विसरतात.

विठाबाईचा मुलगा हर्षल दोह्याच्या वेस्ट बे भागात इंजिनियर. त्याने आईला कतारला आणले, अल अझीझियातल्या आपल्या व्हिलात. दोन वर्षांनी भागीरथीच्या मुलालाही दोह्यात नोकरी मिळाली, आणि ती मुशैरिबजवळच्या एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. येताना तिच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक मी. दुसरी तांब्याची डबी, आणि डबीत मास्तरांच्या परसातल्या तुळशीच्या मंजिऱ्या.

त्या मंजिऱ्यांचे रोप विठाबाईच्या दारात लागले, कारण तिच्याकडे जमिनीचा तुकडा होता. व्हिलाच्या मागे आठ हातांची वाळूची पट्टी होती. तीत तिने पोत्यांनी माती ओतली, एसीतून ठिबकणारे पाणी बादलीत धरले, आणि अळू, मोगरा, कढीपत्ता असे सगळे उभे केले. तुळशीला मात्र वेगळी कुंडी. भागीरथीच्या वाट्याला बाल्कनी होती. तिथे पुदिना आणि झेंडू.

आमचे टपाल महिपती नेत असे. तो कराड तालुक्यातलाच, एका कंपनीची बस चालवणारा, बायकामुले गावी. शुक्रवारी सुट्टी असली की एका घरी भाकरी खायचा आणि दुसऱ्या घरी चहा घ्यायचा, आणि मधल्या वाटेत मी त्याच्या शेजारच्या सीटवर असे. सात-आठ महिने असे सुखाचे गेले. तेव्हाही दोघी एकमेकींना टोमणे मारत. "तुझ्या अळूच्या पानात एक वडीसुद्धा होणार नाही," असे भागीरथी लिही. पण त्याच्या खाली वडीची कृतीही असे.

मग भागीरथीचा इथला पहिला उन्हाळा आला. एका लग्नासाठी विठाबाई दोन महिने देशी गेली. सून बबीता दिवसभर ऑफिसात, म्हणून तुळशीची कुंडी भागीरथीच्या बाल्कनीत ठेवली गेली. विठाबाई परतली तेव्हा कुंडीत एक काळी काडी होती.

मी त्या वेळी बाल्कनीतल्या खुर्चीवर होते. सारे ऐकले.

"काय घातलंस हिला?"

"पाणी. दुसरं काय घालतात तुळशीला?"

"रोज?"

"रोज. अंघोळ झाली की. तुझ्यासारखं आठवण झाली तर नव्हे."

"मग मेली कशी?"

"तू सोडून गेलीस. तिनं हाय खाल्ली असंल."

"भागे, माझ्या मामाची तुळस होती ती."

"तुझा मामा. माझा बाप."

यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. अल अझीझियाच्या घरात भागीरथीचे नाव काढायचे नाही, असे विठाबाईने सर्वांना बजावले. दोन्ही घरांतले अंतर महिपतीच्या गाडीने वीस मिनिटांचे. ते दोन वर्षे कोणीही ओलांडले नाही.

आणि तरीही मी फिरत राहिले. हे प्रेम होते असे समजू नका. मास्तरांचा नियम आपण मोडला असे उद्या कोणी म्हणायला नको, एवढ्याच अहंकारासाठी दोघी मला पाठवत. पोथीच्या वस्त्रावर हात ठेवून लिहायच्या आणि विष लिहायच्या. "आमच्याकडे सर्व कुशल आहे, कोणी विचारले नसले तरी." हे विठाबाईचे. "काही लोकांची झाडे जगतात आणि माणसे तुटतात." हे भागीरथीचे. विठाबाई दर खेपेला मागच्या बाजूला ती मेलेली काडीच काढून पाठवी. कुंडीसकट, बारीक छाया देऊन, चौदा वेळा. भागीरथीने एकदा विठाबाईचा मोगरा काढला, आणि पानोपान मावा लागलेला दाखवला. दोन वर्षांत तिने तो मोगरा पाहिलेला नव्हता. पाहून काढायचा नियम तिने मोडला, तोही शिवी देण्यासाठी.

"आई, बोलायचंच नाही तर वही कशाला पाठवता?" बबीताने एकदा विचारले.

"वही मामांची आहे."

"आणि भागीरथी मावशी कुणाच्या आहेत?"

विठाबाई टाळ्या वाजवीत आरतीला उभी राहिली.

महिपतीही कंटाळला होता. "मावशी, कंपनीला कळलं ना की मी गाडीतनं काय नेतोय, तर मला घरी पाठवतील," तो म्हणे. "द्या आता. यल्ला, चला, सिग्नलला गर्दी व्हायच्या आत पोचू द्या."

या सगळ्यात एक गोष्ट फक्त मला कळत होती. भागीरथीची अक्षरे मोठी होत चालली होती. ओळी पानाच्या उजव्या कडेला वर चढत होत्या. झेंडूची पाकळी काढताना ती आधीच्या पाकळीवर दुसरी काढी, आणि तिला ते उमगत नसे. पेन ठेवताना ती आधी मेजाची कड चाचपून घेई. विठाबाईला ती मोठी अक्षरे दिसली. तिने त्यांचा अर्थ लावला तो असा: "बघा, केवढाली अक्षरं. पानं संपवायची घाई झालीय बाईला."

द्वेषाला डोळे असतात, पण तो फक्त आपल्याला हवे तेवढेच पाहतो. देवाच्या सहस्र नामांचा पाठ करणाऱ्या बाईला दहा ओळींमागचा काळोख वाचता येऊ नये, याचा मला संताप येत असे.

मग गेल्या महिन्यातला तो गुरुवार आला. भागीरथी सकाळी स्नान करून माझ्यासमोर बसली. बोटाने पानाची वरची कड शोधली. नेहमीच्या सवयीने आधी श्री लिहिले. चांगला दाब देऊन, सावकाश, वेलांटीसह.

पेन कोरडे होते. दोन दिवस उघडे पडून त्याचे टोक वाळले होते. श्री माझ्या अंगात खोल रुतले. शाईचा मात्र थेंब उतरला नाही. पुढच्या ओळीच्या पहिल्या अक्षराला शाई आली, आणि ती तशीच लिहीत गेली. मी काय करणार होते? मला वाचा असती तर मी हाक मारली असती.

त्या पानावर काय लिहिले होते ते थोडे पुढे सांगते. आता एवढेच पुरे, की पुढच्या शुक्रवारी भागीरथी दोहा कायमचा सोडून जाणार होती, आणि त्याआधी विठाबाईने एकदा यावे म्हणून ते बोलावणे होते. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या अंगावर टोमण्याशिवाय काही लिहिले गेले होते. तिने महिपतीलाही बजावले, "तू काही बोलू नको. जे आहे ते वहीत आहे."

शुक्रवारी दुपारी मी अल अझीझियात पोचले. विठाबाईने चष्मा लावला आणि पान उघडले. तिची नजर सवयीने माथ्यावर गेली.

तिथे काही नव्हते.

तिने खाली एक अक्षर वाचले नाही. कोणी गेले असते तर फोन आला असता, हे तिला ठाऊक होते. म्हणजे कोणी गेलेले नाही. म्हणजे हे बिनश्रीचे पान तिच्याच नावाचे. भागीरथीने जिवंतपणी आपले सुतक धरले, असा हिशोब तिच्या मनात एका क्षणात जुळला. तिने माझे पान मुळापासून ओढले. शिवणीचा एक टाका तुटला. तुकडे तिने कचऱ्याच्या पिशवीत घातले, पिशवी बाहेर ठेवली, आणि अंघोळीला निघाली.

बबीता दारात उभी होती. "आई, काय लिहिलं होतं?"

"मी मेले, असं लिहिलं होतं."

"वाचलंत?"

"वाचायचं काय त्यात? श्री नव्हतं. तुमच्या पिढीला रीत ठाऊक नाही."

"रीत वाचून फाडायची आहे ना? तुम्हीच सांगितली होती."

विठाबाईने न्हाणीघराचे दार लावून घेतले.

मी त्या रात्री मेजावर उघडी पडले होते, आणि माझा दोरा लोंबत होता. मी भक्तीच्या वस्त्रात वाढले आहे. क्षमा म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण त्या घटकेला मला ती आली नाही, आणि खरे सांगायचे तर अजून पुरती आलेली नाही.

सोमवारी महिपतीचा फोन आला. मेजावर मी होते, म्हणून दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"मावशी, वही वाचली न्हवं?"

"वाचली."

"मग काय ठरवलं?"

"माझं मी बघते."

"बरं. मी शुक्रवारी हायच."

तो बिचारा निश्चिंत झाला. खोट्याचा हा असा परिणाम असतो. एकाचे खोटे दुसऱ्याला गप्प बसवते.

मंगळवारी विठाबाईने उत्तर द्यायचे ठरवले. बिनश्रीच्या पानाला काळे पान, असे तिने मनाशी योजले होते. शब्द नाही, झाड नाही. पुढचे अख्खे पान शिशाने काळे करून पाठवायचे. तिने मऊ शिशाची पेन्सिल घेतली, आडवी धरली, मास्तरांनी शिकवले होते तशी, आणि माथ्यापासून घासायला सुरुवात केली.

आता माझी बाजू ऐका. जे पान फाटले त्याच्या खाली हे पान होते. भागीरथीचा हात जड. तिने जे लिहिले ते मी एका पानावर वाचायला दिले, आणि दुसऱ्या पानावर जपून ठेवले. पेन्सिल खळग्यांत उतरत नाही. जिथे जिथे भागीरथीचा दाब पडला होता, तिथे शिसे पोचले नाही.

काळ्यात पहिले पांढरे उमटले ते श्री.

विठाबाईचा हात थांबला. तिने पान उजेडाकडे धरले. बोट लावून पाहिले. मग खुर्ची खिडकीजवळ ओढली आणि घासू लागली. आता रागाने नव्हे, हलक्या हाताने, कडेपासून कडेपर्यंत. ओळीमागून ओळ वर आली. काही अक्षरे आलीच नाहीत. जी आली ती ही:

"श्री. विठे, माझे डोळे चालले. काचबिंदू म्हणतात. कोणाला सांगितले नव्हते. मुलाचे काम संपले, पुढच्या शुक्रवारी दुपारी आम्ही इथले खलास करून गावी जातो. तुझी तुळस मी मारली. शिळे पाणी तुळशीला घालू नये म्हणून मुलाने रात्री भरलेल्या बादलीतले घातले नाही, नळाचे ताजे घातले. इथले नळाचे पाणी उन्हाळ्यात कसे असते ते मला ठाऊक नव्हते. हाताला चटका बसला तेव्हा कळले, तोवर आठ दिवस झाले होते. तुला तोंड कसे दाखवायचे म्हणून भांडले. तिच्या मंजिऱ्या ठेवल्या होत्या. रोप आले आहे. मला ते दिसत नाही. तू ये, त्याचे चित्र काढ आणि घेऊन जा. मला जिना उतरवत नाही."

कतारमध्ये राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. जूनमध्ये गच्चीवरच्या टाक्या तापतात आणि नळाला चहाचे आधण येते. लोक आदल्या रात्री बादल्या भरून ठेवतात. पण गावात नळाला थंड पाणी पाहिलेल्या बाईने सोवळ्याने तांब्या भरला, डोळ्यांना नीट दिसत नसल्याने वाफ तिच्या लक्षात आली नाही, आणि तिने रोज सकाळी श्लोक म्हणत मास्तरांची तुळस उकळत्या पाण्याने न्हाऊ घातली. एकीने रीत पाळून झाड मारले. दुसरीने रीत पाळून पान फाडले. आणि दोघींना मी विचारते, देवाने तुमच्याकडे नेमके काय मागितले होते?

वाचून झाल्यावर विठाबाई लगेच धावली असेल, असे तुम्हाला वाटेल. ती धावली नाही. कचऱ्याची पिशवी शुक्रवारीच गेली होती. आपण न वाचता फाडले, हे आता जाऊन सांगावे लागणार होते, आणि ते तिला जमेना. बुधवारी ती माळ घेऊन बसली. मणी सरकत होते, ओठ हलत होते, आणि नजर माझ्या तुटक्या दोऱ्यावर होती. गुरुवारी बबीताला म्हणाली, "तिला फोन लाव." बबीताने क्रमांक काढला. "नको. ठेव." पुन्हा तासाभराने तेच. हर्षल संध्याकाळी म्हणाला, "आई, मी नेऊ का गाडीने?" तेव्हा ती म्हणाली, "तुला कोणी विचारलंय?" तीन दिवस होते तिच्याकडे. तिने दोन अभिमानात घालवले.

शुक्रवारी सकाळी महिपती आला. "भागीरथी मावशींचं सामान खाली आणायला चाललोय. वही द्यायची असंल तर द्या."

"वही देत नाही," विठाबाई म्हणाली. "मला ने."

गाडीत मी तिच्या मांडीवर होते. ती सबंध वाट बाहेर बघत बसली. तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना दोनदा थांबली. दार उघडेच होते. आत गुंडाळलेली जाजमे, दोरीने बांधलेली खोकी, आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर भागीरथी. तिने मान वळवली, पण नजर विठाबाईच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"कोण?"

"मी."

"मी तर सगळेच असतात."

"विठी."

महिपती खोके उचलून बाहेर पडला.

"रोप न्यायला आलीस?"

"भांडायला आलेय. दोन वर्षांचं राहिलंय."

"मग बस. साडेअकराला गाडी येणार. पटपट भांड."

विठाबाई खोक्यावर बसली. भांडणाला सुरुवात कुठून करावी हे तिला सुचेना. शेवटी म्हणाली, "तुझ्या पेनात शाई नव्हती."

"कुठं?"

"माथ्यावर. श्री उमटलं नाही."

भागीरथीचा चेहरा उतरला. "आणि तू बिनश्रीचं पान... मग वाचलंस कसं?"

विठाबाईने तिचा हात धरला, माझ्या शिवणीपाशी नेला आणि फाटलेल्या कडेवर ठेवला. ते बोट माझ्या जखमेवरून वरपासून खालपर्यंत गेले. त्या बोटाचा मला राग आला नाही. ते मला ओळखत होते.

"फाडलंस."

"हो."

"न वाचता?"

"हो."

मग भागीरथी म्हणाली, "आप्पा असते तर दोघींना उन्हात उभं केलं असतं."

"तुला जास्त वेळ."

"का म्हणून? मी झाड मारलं. तू माणूस मारायला निघाली होतीस."

विठाबाईने ते ऐकून घेतले. पन्नास वर्षांत तिने भागीरथीचे एखादे वाक्य उत्तर न देता ऐकल्याचे मला आठवत नाही. मग ती बाल्कनीत गेली, एका डब्यात लावलेले ते रोप आत आणले, आणि काळ्या केलेल्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढू लागली. पाहून, समोर बसून.

"पानं किती काढलीस?" भागीरथीने विचारले.

"चौदा."

"बारा आहेत. परवा मी बोटांनी मोजलीत. दोन पदरची घालू नको."

"दोन नवी आहेत. वर, शेंड्याला. अजून उघडायची आहेत."

भागीरथीने हात पुढे केला. विठाबाईने तो शेंड्यापाशी नेला. दोन नखांएवढी पाने तिच्या बोटांना लागली.

"हां," ती म्हणाली. "मग चौदा बरोबर."

साडेअकराला गाडी आली. जिन्यावर विठाबाईने तिला दंडाला धरून उतरवले, आणि उतरताना दोघी पायऱ्या मोजण्यावरून भांडल्या. गाडीत बसल्यावर भागीरथी म्हणाली, "आता वही पाठवू नको. मला दिसायचं नाही, आणि सुनेकडनं वाचून घेतलं तर आपली सगळी भांडणं गावभर होतील."

"नियम आहे," विठाबाई म्हणाली. "माझी पाळी आहे."

"आंधळीला काय लिहिणार?"

गाडी निघून गेली.

उत्तर सुचायला तिला तीन आठवडे लागले. आज सकाळी तिने माझ्याखाली जाड सुती कापड घडी करून ठेवले, विणकामाची सुई उलटी धरली आणि बोथट टोकाने माझे नवे पान कोरायला घेतले. शाई नाही, शिसे नाही. आधी माथ्यावर श्री, बोटाला लागेल इतके खोल. मग मोठ्या अक्षरांत खबर: "भागे, रोप वीतभर झाले. रोज शिळे पाणी घालते." मागच्या बाजूला तुळशीची बाह्यरेषा, एकेक पान सुटे, मोजता येईल असे.

महिपतीला वार्षिक रजा मिळाली आहे. त्याच्या बॅगेत, मुलीसाठी घेतलेल्या बुटांशेजारी, मला ठेवले आहे. उद्या मी गावी असेन. माझा एक टाका तुटलेला आहे, पाच पाने गेलेली आहेत आणि तांबडे कापड कोपऱ्यांना विरले आहे. माझा राग गेला का, असे विचाराल तर नाही. त्या दोघी आता भेटणार नाहीत, आणि दोन वर्षे वीस मिनिटांच्या अंतरावर होत्या. ते मी विसरणार नाही.

एक मागणे मात्र आहे, आणि ते ज्याच्या हाती मी पडेन त्या प्रत्येकाकडे आहे. वाटेत कोणी मला उघडले, तर माझे शेवटचे पान कोरे दिसेल. त्यावर फोन नंबर लिहू नका. बिनश्रीचे आहे म्हणून फाडू नका. माथ्यापाशी बोट ठेवा आणि सावकाश फिरवा.

श्री तिथे आहे.